साठ टॉवेल, दोन पाय

सांगलीहून माधवनगरला जाणाऱ्या रस्त्यावर संत मार्थाचं एक लहानसं ख्रिस्ती देऊळ आहे. या धर्मग्रामाला, म्हणजे देवळाच्या भाविक मंडळींना, वर्षातून एकदा, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, बारा माणसांच्या पायांची गरज पडते. प्रभू येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, फादर गुडघ्यावर बसतात, बारा जणांचे पाय धुतात, पुसतात आणि उठतात. लागतं काय, तर एक घंगाळ, एक तांब्या आणि एक टॉवेल. आजवर या कामात कधी अडचण आली नव्हती, कारण आजवर या कामाला कोणी नेतृत्व दिलं नव्हतं.

पाणी आक्काताई लोंढे आणायच्या. माधवनगरची गिरणी चालू होती आणि त्यांचे यजमान तिथे सूतखात्यात होते, तेव्हापासून. त्या वेळी सायकलवरून हिंडणारे एक परदेशी फादर होते. त्यांनी एका पवित्र गुरुवारी हाताने तांब्याची खूण करून "आक्काताय, पानी?" असं विचारलं, आणि आक्काताईंनी पाणी आणलं. एवढ्यावर त्यांची नेमणूक झाली. आदेश नाही, मुदत नाही, टाळ्या नाहीत. आताच्या घंटावाल्या केरबाच्या वडिलांची घंटेवरची नेमणूक तर याहून साधी होती. गिरणीचा भोंगा झाला की ते दोर ओढायचे. भोंगा बंद पडला तेव्हा ते दोन रविवार दोर हातात धरून नुसते उभे राहिले, मग स्वतःच्या मनाने ओढू लागले. त्या काळी लोक अशी बेशिस्तीने कामं करत.

पाय मात्र ठरलेल्या माणसांचे असत. बारा शिष्य पुरुष होते, म्हणून बारा पुरुष. त्यांत निवृत्त सुभेदार नाथाजी कायमचे. ते पाय घरूनच दगडाने घासून, पावडर लावून आणत. धुण्यासारखं त्यांत काही उरलेलं नसे. पुढे बायकांचेही पाय धुवायला हरकत नाही अशी रोमहून परवानगी आली. तेव्हापासून मुख्याध्यापकांच्या मिसेस, डॉक्टरांच्या आई, विश्रामबागेतल्या बंगल्यातल्या दोघी जावा अशा सगळ्यांचे पाय धुऊन झाले. आक्काताईंचं नाव निघालं की कुणीतरी विचारायचं, "त्या खुर्चीत बसल्यावर पाणी कोण आणणार?" या प्रश्नाला धर्मग्रामात उत्तर नव्हतं. मग त्या पाणी आणायच्या.

आक्काताईंनी हेही सोसलं असतं. पण त्यांची धाकटी बहीण राहीबाई मेढ्याला असते आणि साताऱ्याच्या देवळात जाते. दोन वर्षांपूर्वी साताऱ्यात बाराव्या शिष्याला ऐन वेळी एस.टी. मिळाली नाही, म्हणून रिकाम्या खुर्चीत राहीबाईला बसवलं. तेव्हापासून फोनवर दुसरा विषय नव्हता.

"आक्का, फादर असे खाली वाकले गं. असे! आन माझ्या पायाचा मुका घेतला. मी महिनाभर त्या पायात चप्पल घातली न्हाई."

"एकाच पायात घातलीस?"

"एकाच. लोकं म्हणाली, पाय मुरगळलाय का? म्हनलं, न्हाई, पवित्र झालाय."

आक्काताई फोन ठेवून स्वतःच्या टाचांकडे बघत बसायच्या. टाचांना भेगा अशा होत्या की पावसाळ्यात त्यांत एखादं बी पडलं तर उगवून आलं असतं.

नाताळात नवे फादर आले, फादर विश्वजित. तरुण, हसतमुख, जो समोर येईल त्याचं म्हणणं पटणारे. त्यांनी आक्काताईंची हकीकत ऐकली आणि तिथल्या तिथे शब्द दिला. "आक्काताई, यंदाच्या पवित्र गुरुवारी पहिले पाय तुमचे. पाणी मी बघतो."

आक्काताईंनी त्याच रात्री मेढ्याला फोन करून बहिणीला आमंत्रण दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून टाचांची डागडुजी सुरू केली. वेदीवरच्या मेणबत्त्यांची उरलेली टोकं त्या घरी न्यायच्या, खोबरेल तेलात वितळवायच्या आणि ते मेण भेगांत भरायच्या. भस्म बुधवारपर्यंत, म्हणजे उपवासकाळ सुरू होईपर्यंत, टाचा अशा गुळगुळीत झाल्या की घरात फरशीवर त्या भिंत धरून चालू लागल्या.

याच सुमारास विश्रामबागेतल्या एका सभागृहात "सहभागी नेतृत्व" या विषयावर शिबिर झालं. पुण्याहून मार्गदर्शक आले होते. त्यांच्या गळ्यात माइक, हातात रिमोट आणि पडद्यावर बाणांची चित्रं होती. ते म्हणाले, जुन्या धर्मग्रामात एक नेता आणि बाकी अनुयायी असतात, नव्या धर्मग्रामात सगळेच नेते असतात. अनुयायी हा शब्द आजपासून बंद. मग त्यांनी सगळ्यांना गोल उभं करून एका लांब दोरीचा गुंता दिला आणि कुणीही हुकूम न सोडता तो सोडवायला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नाथाजींचे दोन्ही हात आणि केरबाचा एक पाय त्या गुंत्यात गेला. शेवटी स्वयंपाक्याने विळीने दोरी कापली. मार्गदर्शक म्हणाले, "बघा! सगळ्यांनी मिळून मार्ग काढला." टाळ्या झाल्या. सगळ्यांना नेतृत्वाचं प्रमाणपत्र मिळालं. विळी धुऊन स्वयंपाकी परत कांदे चिरायला बसला. तो हिंदू होता, त्यामुळे त्याला प्रमाणपत्र देता आलं नाही.

फादर विश्वजितना हे सगळं पटलं. पुढच्याच रविवारी त्यांनी जाहीर केलं की यापुढे ते फादर असले तरी नेते नाहीत, सहप्रवासी आहेत, आणि प्रत्येक प्रौढ व्यक्ती कुठल्या ना कुठल्या विभागाची नेता आहे. धर्मग्राम लहान. विभाग पाडता पाडता साठेक झाले. पुष्प विभाग, पुष्पपात्र विभाग, सुकलेली पुष्पे विभाग. नाथाजींना "शिस्त व चपला" मिळालं. कॉलेजात शिकवणाऱ्या दीपमाला या सगळ्या विभागांच्या "मुख्य समन्वयक" झाल्या. त्यात मुख्य हा शब्द समतेत बसत नाही असं कुणीतरी म्हणालं, म्हणून सर्वानुमते तो कंसात ठेवण्यात आला. आक्काताईंना "जल व पात्र विभाग" देण्यात आला. त्या म्हणाल्या, "म्हंजे घंगाळच की." दीपमाला म्हणाल्या, "हो, पण आता अधिकाराने."

पहिला परिणाम घंटेवर झाला. केरबा "नाद विभागा"चा नेता झाला आणि पुढच्या रविवारी घंटा वाजली नाही.

"केरबा, दोर ओढ की रं," आक्काताई म्हणाल्या.

"आत्ती, शिबिरात सांगितलंय. नेता सोता करत न्हाई, दुसऱ्याला सक्षम करतो."

"मग कर की कुणाला तरी."

"कुणाला करू? समदेच सक्षम झाल्यात."

यावर तोडगा म्हणून केरबा मिस्सेच्या आधी सगळ्यांच्या मोबाइलवर "टण टण टण" असा निरोप पाठवू लागला. लोक उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र पाठवत आणि घरीच थांबत. खुर्च्यांचंही तसंच झालं. आसन विभागाने खुर्च्या कशा मांडाव्यात यावर इतक्या आपुलकीने चर्चा केली की दोन रविवार लोकांनी उभ्यानेच मिस्सा ऐकली. तिसऱ्या रविवारी "उभं राहणं ही प्रार्थनेची प्राचीन पद्धत आहे" असा फलक लागला. फलक विभाग कार्यक्षम होता.

हे सगळं आक्काताईंनी मुकाट्याने पाहिलं. त्यांचं लक्ष पवित्र गुरुवारावर होतं. पवित्र गुरुवाराआधीचा झावळ्यांचा रविवार आठवड्यावर आला तेव्हा पायधुणीच्या नियोजनाची सभा भरली.

दीपमाला उठून म्हणाल्या, "मला एक मूलभूत मुद्दा मांडायचाय. पाय धुणं हे येशूचं सेवक-नेतृत्व आहे. मग ते फक्त फादरांनी का करायचं? हे केंद्रीकरण नाही का?"

"अगदी," फादर विश्वजित म्हणाले. "मला आत्ताच पटलं."

"तर यंदा पाय नेत्यांनी धुवावेत. कोण कोण तयार आहे?"

साठ हात वर गेले. नाथाजींनी तर दोन्ही हात वर केले. फादरांचे डोळे भरून आले. इतकी सेवावृत्ती त्यांनी एकाच छपराखाली कधी पाहिली नव्हती. ते म्हणाले, "वा! आणि आता पाय कोण कोण देणार?"

साठच्या साठ हात खाली आले.

"नाथाजी, तुम्ही तर दरवर्षी बसता," फादर म्हणाले.

"बसत हुतो. तवा मी साधा मानूस हुतो." नाथाजी ताठ झाले. "आता मी नेता हाय, फादर. नेत्यानं पाय धुवायचं असत्यात, धुऊन घ्यायचं नसत्यात. ज्याचं पाय धुत्यात तो अनुयायी. फौजेत सुभेदाराला परत शिपाई करत न्हाईत."

"केरबा?"

"मी धुतो की. कुणाचंबी सांगा. पर माझं नगं. उद्या नाद विभागाला काय किंमत ऱ्हाईल?"

तेव्हा आक्काताईंनी लुगडं सावरलं आणि मागून म्हटलं, "माझं हायत की दोन."

सगळ्यांनी वळून पाहिलं. फादरांचा चेहरा खुलला. पण दीपमालांनी डोळे मिटून मान हलवली. "आक्काताई, भावना समजते. पण तुम्ही जल विभागाच्या नेत्या आहात. स्वतःच्या विभागाच्या पाण्याने स्वतःचेच पाय धुऊन घ्यायचे, म्हणजे हितसंबंध आड येतात. उद्या कोणी म्हणेल, पाणी मुद्दाम कोमट ठेवलं."

"दरवर्सी कोमटच असतंय."

"तेव्हा ती सवय होती. आता ते धोरण दिसेल."

"मग सोडला विभाग. दिला राजीनामा."

सभेत कुजबुज झाली. सहभागी नेतृत्वात आत यायची वाट होती, बाहेर जायची कुणी आखलीच नव्हती. केरबा म्हणाला, "लग्नावानी हाय हे." दीपमालांनी त्याला गप्प केलं आणि "राजीनामा सुलभीकरण गट" नेमला. या गटाने आक्काताईंना मधे बसवून भोवती गोल केला आणि त्यांना आतून काय वाटतं ते विचारलं. आक्काताई म्हणाल्या, पाय धुऊन घ्यावंसं वाटतं. गटाने ते ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, त्याच्याही आतून काय वाटतं. आक्काताई म्हणाल्या, त्याच्याही आतून पाय धुऊन घ्यावंसंच वाटतं. असं करत करत फार आत गेल्यावर शेवटी भूक लागल्याचं निघालं, आणि बैठक आटोपली. राजीनामा मंजूर झाला. आक्काताईंना शाल आणि नारळ देऊन, सर्वांच्या साक्षीने, नेतृत्वातून मुक्त करण्यात आलं. त्या संत मार्था धर्मग्रामातल्या एकमेव अनुयायी झाल्या. जल विभाग कुणाला द्यायचा हा प्रश्न निघाला होता, पण प्रत्येकाकडे आधीच एक विभाग होता आणि एक व्यक्ती, एक विभाग हे धोरण होतं. म्हणून पाण्याचं पुढे बघू असं ठरलं.

आता चित्र स्पष्ट झालं. धुणारे साठ, पाय दोन.

इतक्या थोड्या जागेत इतकी सेवा बसवायची म्हणजे खायचं काम नव्हे. नाथाजींनी पुढाकार घेतला. त्यांनी फळ्यावर खडूने आक्काताईंच्या दोन्ही पायांचा नकाशा काढला आणि छडीने दाखवत ते सांगू लागले. "हा उजवा अंगठा, मोक्याची जागा. हा मुख्य समन्वयकांना. ही बोटं, एकेका विभागाला एकेक. मधल्या फटी तरुण मंडळाला. हा तळवा, मोठा मुलूख हाय, भजनी मंडळ आख्खं बसंल."

"मला काय?" केरबा म्हणाला.

"डावी करंगळी."

"करंगळी? मी सा पिढ्यांचा घंटावाला—"

"दोन पिढ्यांचा."

"दोन तर दोन! मला करंगळी, आन सुकलेल्या फुलांवाल्यांला घोटा?"

करंगळीचं कसंबसं मिटलं, तोवर उजव्या टाचेवरून पेटलं. टाचेवर माधवनगरच्या कुटुंबांनी हक्क सांगितला, कारण आक्काताई माधवनगरच्या. विश्रामबागेच्या कुटुंबांचं म्हणणं, शिबिर आमच्याकडे झालं. टाचेची एक मोठी भेग होती, ती हद्द धरावी असा प्रस्ताव आला. पण मेण भरून भरून भेगच बुजलेली. सांगलीच्या माणसांना सीमाप्रश्न नवा नाही, तरीही तो एवढ्याशा जागेत मावेल असं कुणाला वाटलं नव्हतं. शेवटी मेण काढून भेग उघडी करायचा निर्णय झाला. दोन-तीन महिन्यांची मेहनत दोघा स्वयंसेवकांनी, म्हणजे दोघा नेत्यांनी, चमच्याने खरवडून काढली.

मग रंगीत तालमी. कुणाचं क्षेत्र कुठवर, ते निळ्या स्केचपेनने पायावर आखलं गेलं. साठ जण रांगेने यायचे, आपापल्या भागाला टॉवेल लावायचे, कॅमेऱ्याकडे बघायचे आणि पुढे सरकायचे. आक्काताईंना गुदगुल्या होत. पण हसल्यावर बोटं हलतात आणि हद्दी सरकतात, म्हणून त्यांना हसायची बंदी होती. घरी आल्यावर त्या मेढ्याला फोन लावत.

"राही, तुझ्या टायमाला पायावर नकाशा काढला हुता का गं?"

"नकाशा? न्हाई बया. नुस्तं धुतलं."

"मग तुझं साधंच झालं म्हनायचं," आक्काताई म्हणत. पण फोन ठेवल्यावर त्या निळ्या रेघांकडे बघत बसत.

पवित्र गुरुवार उजाडला. राहीबाई दुपारीच एस.टी.ने येऊन थडकली. हातात आवळ्याचा मुरंबा, आणि डोळ्यांत, कुठे कमी पडतं ते बघायची तयारी. संध्याकाळी "टण टण टण" असा निरोप आला, आणि फोटो निघणार असल्यामुळे झाडून सगळे आले. प्रत्येकाच्या खांद्यावर स्वतःचा नवाकोरा टॉवेल, त्यावर विभागाचं नाव भरतकामात. वेदीसमोर एकच खुर्ची. त्या खुर्चीत इरकली लुगडं नेसलेल्या आक्काताई, आणि त्यांच्या पायांखाली चिंचेने घासून लखलखणारं घंगाळ. पात्र विभाग सोडता सोडता त्या एवढं करून गेल्या होत्या.

फादरांनी शुभवर्तमान वाचलं आणि सहप्रवाशाला शोभेल असे ते बाजूला जाऊन बसले. गाणं सुरू झालं. साठ जणांची रांग हलली. पहिल्या दीपमाला. त्या गुडघ्यावर बसल्या, कॅमेऱ्याकडे पाहिलं, उजवा अंगठा हातात घेतला आणि दुसरा हात घंगाळात घातला. हात तळाला लागून ठण्ण आवाज झाला. शिबिरानंतर देवळात झालेला तो पहिला घंटानाद.

"पाणी?" दीपमाला हळूच म्हणाल्या.

"पाणी?" मागचा म्हणाला. तो शब्द रांगेतून साठ वेळा मागे गेला, दाराला लागला आणि तसाच कोरडा परत आला.

"पानी कुनाकडं हाय?" नाथाजींनी विचारलं.

"रिक्त हाय," केरबा म्हणाला. "विभाग."

"अरे मग आण की कुणीतरी!"

"आनलं असतं. पर मी नाद. मी पानी आनलं तर उद्या पान्यावाला येऊन घंटा वाजवंल."

"तू तरी कुटं वाजवतोस?"

"मुद्दा तत्त्वाचा हाय."

फादर विश्वजितना राहवेना. ते उठले. "मी आणतो. दोन मिनिटं—"

"फादर!" दीपमालांनी अंगठा न सोडता हात वर केला. "प्लीज. तुम्ही आणलंत तर आपण जिथून निघालो तिथेच परत जाऊ."

फादरांना पटलं. ते बसले.

रांग मोडून आता घोळका झाला. जल विभाग तात्पुरता कुणाकडे द्यावा, की चक्राकार पद्धतीने द्यावा, की एखादी कृती समिती नेमावी, यावर बोलणी सुरू झाली. एकाने सुचवलं की पाणी प्रतीकात्मक धरावं. विधी तरी कुठे खरा असतो? तोही प्रतीकच. प्रतीकाला खरं पाणी कशाला? हे पुष्कळांना आवडलं. मागच्या भिंतीजवळून राहीबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "साताऱ्यात पानी असतंय बाई. ओलं असतंय."

आक्काताईंच्या कानशिलाला ते लागलं. त्यांनी अंगठा सोडवून घेतला. वर्षानुवर्षांची सवय, त्या पटकन उठून पाणी आणायला निघणारच होत्या. अर्ध्या उठल्याही. मग त्यांना आठवलं की आपण आता कुणीच नाही, आणि त्या परत बसल्या.

"ऐका की जरा," त्या म्हणाल्या. "तुमी समदे नेते. मी एकलीच मागनं येनारी. खरं का न्हाई?"

"खरंय," साठ जण म्हणाले.

"मग न्या की मला कुटं न्यायचं ते. नळ अंगनात हाय. कुणीबी म्होरं व्हा, मी मागनं येती."

हे इतकं बिनतोड होतं की कुणाला हरकतीचा मुद्दा सापडेना. शिबिरात, गटात, सभेत, इतक्या दिवसांत प्रथमच नेतृत्व करायला प्रत्यक्ष अनुयायी मिळाला होता. साठ जण एकदम वळले आणि पुढे व्हायला निघाले. देवळाचं दार गिरणीच्या काळातलं, दोन माणसांपुरतं. मागे कोण राहणार? मागे राहिला की अनुयायी. नाथाजी डाव्या झडपेत अडकले, केरबा उजव्या, दीपमाला दोघांच्या मधे, आणि मागून सत्तावन्न जणांचं नेतृत्व येऊन थडकलं. टॉवेल टॉवेलात गुंतले. "एक पाऊल मागे घ्या!" असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता.

वेदीच्या मागे, फादर झगा घालतात त्या पोशाखघराचं छोटं दार असतं. ते कुठल्याच विभागाकडे नव्हतं. आक्काताई त्या दाराने अनवाणी बाहेर पडल्या. चार पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, मागून कुणीतरी येतंय. फादर विश्वजित होते. ओशाळलेले.

"तुमी कुटं?" आक्काताईंनी विचारलं.

"मलाही कुठला विभाग नाही ना," फादर म्हणाले. "म्हटलं, तुमच्या मागून यावं."

अंगणातला नळ जमिनीपासून वीतभर उंच. मेंढरं हाकणाऱ्या धनगरांनाही पाणी पिता यावं म्हणून जुन्या फादरांनी तो रस्त्याच्या बाजूला घेतला होता, आणि मेंढरांनाही तोंड लावता यावं म्हणून खाली. त्याची चावी घट्ट. ती सोडायची तर गुडघे टेकल्याशिवाय इलाज नसतो. फादरांनी झगा सावरला, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी चावी पिळली. नळ आधी खोकला, मग पाणी आलं. आक्काताईंनी उजवा पाय पुढे केला. दिवसभर उन्हाने तापलेल्या पाइपातलं पाणी. कोमट.

फादरांनी चोळून चोळून निळी शाई काढली. अंगठा, बोटं, टाच. हद्दी एकेक करून वाहून गेल्या.

राहीबाई त्याच दाराने, मागोमाग आलीच होती. कमरेवर हात ठेवून तिने सगळं नीट न्याहाळलं.

"आक्का, ते तुझ्यासाटी न्हाईत वाकले. नळ खाली हाय म्हनून वाकल्यात."

"वाकल्यात तर हायत!" आक्काताई म्हणाल्या, आणि त्यांनी डावा पाय पुढे केला. "आन तुझं एका खुर्चीत झालं. माझ्यासाटी आख्खं देऊळ दारात अडकलंय."

राहीबाईने कमरेवरचे हात खाली घेतले. मेढ्याला परत जाईपर्यंत तिने साताऱ्याचं नाव काढलं नाही, असं ऐकतो.

एवढ्यात दार मोकळं झालं आणि साठ टॉवेल धावत अंगणात आले. धुणं हुकलं होतं, निदान पुसणं तरी मिळावं, असा त्यांचा आग्रह. नाथाजी क्षेत्रवाटप पुन्हा करू लागले. पण पायावर आता एकही रेघ नव्हती, त्यामुळे कुणाचं काय ते कुणालाच कळेना. ते वाद घालत राहिले आणि आक्काताई ओल्या पायांनी सरळ देवळात गेल्या. फादरही गेले, आणि मिस्सा पुढे सुरू झाली. फोटोग्राफरने मात्र अंगणात एक छान फोटो घेतला. त्यात साठही जणांचे चेहरे दिसतात, हसरे. टॉवेल दिसतात. पाय नाहीत, पण ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तो फोटो आता दारात मोठा करून लावला आहे.

आक्काताईंच्या ओल्या पावलांचे ठसे वेदीपर्यंत फरशीवर उमटले होते. ते कुणी पुसायचे यावर मिस्सेनंतर तातडीची बैठक बसली. पुसणं हे पाण्याच्या कक्षेत येतं की फरशीच्या, यावर दोन्ही बाजूंनी चांगलं बोललं गेलं. ठराव होईपर्यंत ठसे वाळून गेले. दीपमालांनी नोंद केली की प्रश्न सर्वांच्या सामूहिक प्रयत्नांतून सुटला, आणि पुण्याच्या मार्गदर्शकांनी ती नोंद पुढच्या शिबिरासाठी मागवून घेतली.

तुम्ही म्हणाल, ही एका छोट्या धर्मग्रामाची गोष्ट, आमच्याकडे असं नसतं. बरोबर आहे. तुमच्याकडे गणेश मंडळ असेल, बुद्धविहार असेल, सोसायटी असेल, वाचनालय असेल. तिथला परवाचा कार्यक्रम आठवा. फार सुंदर झाला. सगळे निघाल्यावर मागे राहून खुर्च्या कोणी उचलल्या, त्या माणसाचं नाव सांगता येईल? नाही ना?

मग तुम्हीही नेतेच आहात. अभिनंदन. तुमचा टॉवेल भरतकामाला दिलेला आहे.